साडेपाचला थांबणारं रेकॉर्डिंग

बीटल्समधल्या 'गप्प' गिटारिस्टचा सोलो प्रवास सुरू झाला तो थेट आपल्या मुंबईच्या फोर्टमध्ये. टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर माणसाचं ड्रॉवर उघडलं, तेव्हा काय काय बाहेर आलं, त्याची ही गोष्ट.

कोथरूडमधल्या कुठल्याही गच्चीवर शनिवारी रात्री गिटार बाहेर आली, की तिसरं नाहीतर चौथं गाणं 'वंडरवॉल' असतं. हवी तर पैज लावा! कॉर्ड्स सोप्या, बोटं फारशी हलवावी लागत नाहीत आणि सगळ्यांना कोरस पाठ. ओअॅसिस बँडचं हे गाणं १९९५ मध्ये आलं आणि त्यानंतर गिटार हातात घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकानं ते वाजवलंय. माझ्या मित्रानं तर एवढ्या एका गाण्यावर कॉलेजची तीन वर्षं काढली.

पण 'वंडरवॉल' हा शब्द आला कुठून? ओअॅसिसचा गिटारिस्ट आणि गीतकार नोएल गॅलघर यानं तो उचलला एका जुन्या रेकॉर्डच्या नावावरून. ती रेकॉर्ड म्हणजे जॉर्ज हॅरिसनची 'वंडरवॉल म्युझिक', १९६८ ची. बीटल्सच्या चौघांपैकी कुणीही काढलेला हा पहिला सोलो अल्बम. आणि त्यातला मोठा भाग रेकॉर्ड झाला तो लंडनला नाही, लिव्हरपूलला तर नाहीच. तो झाला मुंबईत, सर फिरोजशहा मेहता रोडवर, एचएमव्हीच्या स्टुडिओत.

म्हणजे बघा, गच्चीवरच्या त्या गाण्याचं नाव मुळात आपल्याकडून तिकडे गेलंय आणि फिरून आपल्याकडे आलंय.

दोन गाण्यांचा कोटा

आधी थोडं मागे जाऊ. ऑफिसात एक माणूस असतो. कामाला चोख, बोलायला कमी. मीटिंगमध्ये दोन सीनिअर एकमेकांच्या कल्पना उचलून धरत असतात आणि हा वहीत काहीतरी लिहीत बसतो. शेवटची पाच मिनिटं उरली, की कुणीतरी विचारतं, "तुझं काही आहे का?" तो काहीतरी सांगतो. "छान आहे, पुढच्या वेळी बघू," असं उत्तर येतं आणि लोक लॅपटॉप मिटतात.

बीटल्समध्ये हा माणूस होता जॉर्ज. वयानं चौघांत सगळ्यात लहान. पॉल मॅकार्टनी शाळेत त्याच्या एक वर्ष पुढे, जॉन लेनन त्याहून मोठा. त्या दोघांची जोडी गाणी लिहिण्याचं जणू यंत्र होती. अल्बममागून अल्बम निघत होते आणि जॉर्जच्या वाट्याला साधारण एक किंवा दोन गाणी येत होती. 'व्हाइट अल्बम'मध्ये तब्बल ३० ट्रॅक्स होते. त्यात जॉर्जचे चार.

गंमत म्हणजे जॉन आणि पॉल काही दुष्ट नव्हते. ते खरोखर ग्रेट होते. आणि हीच तर अडचण असते ना? सीनिअर वाईट असला, तर त्याच्या नावानं बोटं मोडता येतात. तो चांगला असला, तर आपणच कमी पडतो असं वाटायला लागतं.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये बीटल्सनी सॅन फ्रान्सिस्कोला शेवटचा पेड शो केला आणि टूर्स कायमच्या बंद केल्या. बाकीचे आपापल्या कामाला लागले. जॉर्जनं सप्टेंबरमध्ये बायको पॅटीसोबत मुंबईचं विमान पकडलं. पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकायची होती. 'ताज'मध्ये खोली घेतली ती 'सॅम वेल्स' या खोट्या नावानं. मिशी वाढवली होती, केस कापले होते. तरी लिफ्टवरच्या पोऱ्यानं ओळखलंच! हॉटेलखाली गर्दी जमली, पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि शेवटी गुरू-शिष्यांनी शिकवणी हलवली काश्मीरला, दल सरोवरातल्या हाउसबोटीवर.

फोर्टमधले ते पाच-सहा दिवस

१९६७ च्या शेवटी दिग्दर्शक ज्यो मॅसॉट जॉर्जकडे आला. 'वंडरवॉल' नावाचा सिनेमा करत होता, त्याला पार्श्वसंगीत हवं होतं. अट काय? अट काहीच नाही. तुला हवं ते कर, मी वापरीन, असा शब्द मॅसॉटनं दिला.

ज्याला सात-आठ वर्षं 'पुढच्या वेळी बघू' ऐकावं लागलं, त्याला कुणी असं म्हटलं तर तो काय करील? जॉर्जनं स्टॉपवॉच घेतलं, सिनेमाचे प्रसंग मोजले, वहीत सेकंद लिहिले आणि जानेवारी १९६८ मध्ये पुन्हा मुंबई गाठली. वय वर्षं चोवीस.

स्टुडिओ एचएमव्हीचा असला तरी थाट काही नव्हता. तिथे मोनो मशीन होतं. स्टिरिओसाठी टू-ट्रॅक मशीन हवं होतं. जॉर्जनं नंतर सांगितलंय, की ग्रामोफोन कंपनीच्या भास्कर मेनन यांनी ते मशीन थेट कलकत्त्याहून आगगाडीनं आणवलं. एका माणसाच्या पाच-सहा दिवसांच्या कामासाठी! हे मेनन पुढे १९७१ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले आणि नंतर जगभरच्या ईएमआय म्युझिकचे. लक्षात ठेवा हे नाव, पुन्हा येणार आहे.

आणखी एक भानगड होती. स्टुडिओ ऑफिसांच्या वरती आणि साउंडप्रूफिंग यथातथाच. त्यामुळे खालून जाणाऱ्या टॅक्सीचा आवाज टेपवर यायचा. नीट कान दिला तर आजही काही ट्रॅक्सवर तो ऐकू येतो, असं खुद्द जॉर्जच सांगायचा. आणि संध्याकाळचे साडेपाच वाजले की रेकॉर्डिंग बंद. कारण? ऑफिसं सुटायची! शेकडो पायांची धडधड जिन्यावरून खाली यायची आणि ती थांबेपर्यंत जगातल्या सगळ्यात फेमस बँडचा गिटारिस्ट हातावर हात ठेवून बसायचा.

मागच्या पावसाळ्यात एका कामासाठी मुंबईला गेले होते, तेव्हा मुद्दाम त्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. त्यासाठी पाच-दहाची डेक्कन क्वीन सोडली, ज्याचं महत्त्व फक्त पुणेकरालाच कळेल. बरोबर साडेपाचला इमारतींमधून माणसं बाहेर पडायला लागली. खांद्याला बॅगा, कानात इअरफोन, पाय स्टेशनच्या दिशेनं. त्यातल्या एखाद्याच्या कानात आत्ता 'हिअर कम्स द सन' वाजत असेल का, असं उगाच वाटून गेलं. पुण्याला परतायला मग दादरहून शिवनेरी. घरी पोचायला साडेअकरा!

आपले लोक

त्या स्टुडिओत कोण कोण होतं, ते वाचलं की अंगावर काटा येतो. संतूरवर शिवकुमार शर्मा. सरोदवर आशिष खान. तबल्यावर महापुरुष मिश्र. सगळे तरुण. शिवकुमार त्याच आठवड्यात तीस वर्षांचे झाले. सिनेमाच्या रेकॉर्डिंग्जना जायचे, मैफली करायचे, नाव व्हायला नुकती सुरुवात झाली होती. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्यांचं आडनाव छापलं गेलं 'शर्मार'. तिकडच्या कुणाला ती चूक कळली नाही. पुढे हेच शिवकुमार बासरीवाल्या हरिप्रसाद चौरसियांबरोबर 'शिव-हरी' झाले आणि 'सिलसिला', 'चांदनी'ची गाणी दिली. तुमच्यापैकी ज्यांनी सवाई गंधर्व महोत्सवात थंडीत शाल पांघरून या दोघांना ऐकलं असेल, त्यांना वेगळं काही सांगायला नको.

हरिप्रसादही त्या जानेवारीत तिथे होते. ठरलेलं काम लवकर उरकलं, तेव्हा जॉर्जनं उरलेल्या वेळात आणखी एक ट्रॅक करून घेतला. त्याला नंतर लंडनमध्ये गाणं जोडलं गेलं आणि झालं 'दि इनर लाइट'. मार्च १९६८ मध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर जॉर्जचं लेखन पहिल्यांदा आलं ते हे. म्हणजे स्वतःच्याच बँडच्या सिंगलवर जागा मिळवायला त्याला फोर्टपर्यंत यावं लागलं!

नोव्हेंबर १९६८ मध्ये 'वंडरवॉल म्युझिक' बाजारात आला. बीटल्सच्या स्वतःच्या 'अॅपल' लेबलचा तो पहिलाच एलपी. फार खपला नाही. त्या महिन्यात सगळं जग 'व्हाइट अल्बम' घ्यायला धावत होतं. पण जॉर्जला एक गोष्ट समजली होती. खोलीत जॉन आणि पॉल नसले तरी आपलं काम होतं.

ड्रॉवर उघडलं

त्याच सुमारास त्यानं आणखी एक अवघड निर्णय घेतला. सतारीवर आपण कधीच मोठे होणार नाही, हे त्यानं मान्य केलं आणि गिटारकडे परत आला. वाया गेली का ती दोन-तीन वर्षं? मुळीच नाही. थोड्याच काळात तो स्लाइड गिटार वाजवायला लागला आणि त्याचे सूर तुटक न येता एकातून एक घसरत यायला लागले. आपण ज्याला मींड म्हणतो, तसे. हजार गिटारिस्टांतून त्याची स्लाइड ओळखू येते ती त्यामुळे.

जानेवारी १९६९ मध्ये बीटल्स नव्या अल्बमच्या तालमी करत होते. पीटर जॅक्सनची 'गेट बॅक' ही डॉक्युमेंटरी २०२१ मध्ये आली, त्यात हे सगळं डोळ्यांनी बघता येतं. बघा, पण ऑफिसातून थकून आल्यावर नको. फार जवळचं वाटतं. १० जानेवारीला जेवणाच्या सुट्टीच्या आसपास जॉर्ज शांतपणे सांगतो, की मी बँड सोडतोय, आणि निघून जातो. काही दिवसांनी परत येतो. मग महिनाअखेरीला तो जॉनला सांगतो, की माझ्याकडे एवढी गाणी साठलीत, की माझ्या वाट्याच्या कोट्यानं ती संपायला दहा वर्षं लागतील. तेव्हा एक स्वतःचा अल्बम करावा म्हणतो. सांगताना त्याचा आवाज तक्रारीचा नाही. हिशेब सांगावा तसा.

त्याच वसंतात 'अॅपल' कंपनीच्या कंटाळवाण्या मीटिंग्जना एके दिवशी त्यानं चक्क दांडी मारली. मित्र एरिक क्लॅप्टनच्या घरी गेला, बागेत गिटार घेऊन बसला आणि 'हिअर कम्स द सन' लिहिलं. २०२३ मध्ये स्पॉटिफायवर एक अब्जाचा आकडा गाठणारं बीटल्सचं पहिलं गाणं हेच. जॉनचं नाही, पॉलचं नाही, दांडी मारून लिहिलेलं जॉर्जचं! (बॉसला हा पॅरा दाखवू नका.)

एप्रिल १९७० मध्ये बँड फुटल्याचं जाहीर झालं. आणि २७ नोव्हेंबरला जॉर्जचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' आला. एक रेकॉर्ड नाही, दोन नाही, तीन रेकॉर्ड्सचा जाडजूड डबा! त्यातलं 'इझन्ट इट अ पिटी' त्यानं १९६६ मध्येच लिहिलं होतं, बँडनं घेतलं नव्हतं. टायटल साँगही १९६९ च्या तालमींत वाजवून बाजूला ठेवलेलं. डबा इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला. 'माय स्वीट लॉर्ड' हे सिंगलही पहिल्या नंबरवर, आणि बीटल्समधून बाहेर पडलेल्या कुणाचंही असं पहिलंच. त्यात हरे कृष्णाचा गजर तर आहेच, शेवटाकडे 'गुरुर्ब्रह्मा'ही येतो. आपण शाळेत प्रार्थनेच्या रांगेत डोळे किलकिले करून म्हणायचो, तोच श्लोक.

टाळ्या आणि तारखा

१९७१ चं वर्ष. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये येत होते. रविशंकर यांनी शिष्याला सांगितलं, काहीतरी करायला हवं. जॉर्जनं फोन फिरवायला घेतले आणि १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन शो झाले. 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्लारखाँ. दोन्ही शो मिळून ४० हजार श्रोते. वाद्यं लावून झाली तेव्हा लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, हेच संगीत! रविशंकर यांनी हसून कोपरखळी मारली आणि मैफल सुरू केली.

तिकिटांतून जवळपास अडीच लाख डॉलर जमले. रेकॉर्डची मोठी रक्कम मात्र टॅक्सच्या कचाट्यात कित्येक वर्षं अडकून पडली, कारण कागदपत्रांची तजवीज वेळेत झाली नव्हती. आणि ती रेकॉर्ड बाजारात कोणी आणायची, यावरच्या ताणाताणीत कॅपिटॉलच्या बाजूनं टेबलापलीकडे कोण होतं? कलकत्त्याहून मशीन आणवणारे भास्कर मेनन! जग छोटं असतं, ते असं.

इथून पुढचा ग्राफ सरळ वर गेला असता, तर हा लेख इथेच संपवता आला असता. पण नाही. 'माय स्वीट लॉर्ड' ही 'ही'ज सो फाइन' या जुन्या गाण्याची नक्कल आहे, असा दावा लागला. १९७६ मध्ये कोर्टानं निकाल दिला, की त्यानं मुद्दाम नाही, नकळत नक्कल केली. 'नकळत' हा शब्द बोचणारा होता. त्यानंतर नवं गाणं लिहायला बसलं, की मनात शंका, हे आधी कुठे ऐकलंय का? त्यातही कहर म्हणजे त्याच्याच जुन्या मॅनेजरनं, अॅलन क्लाइननं, त्या दुसऱ्या गाण्याचे हक्क विकत घेतले. केस वर्षानुवर्षं रेंगाळली.

१९७४ ची अमेरिका टूर आणखी एक धडा. आवाज बसलेला असताना तो गात राहिला. लोक बीटल्सची गाणी ऐकायला आले होते. त्यानं शब्द बदलून ती गायली आणि मध्ये रविशंकर यांचा मोठा वाद्यमेळ ठेवला. रविशंकर यांना टूरवर असतानाच हृदयविकाराचा झटका आला. समीक्षकांनी जॉर्जला झोडपलं. त्यानंतर टूर म्हणून तो स्टेजवर आला तो थेट १९९१ मध्ये, जपानला.

बागकाम करणारा रॉकस्टार

१९८२ मध्ये 'गॉन ट्रॉपो' नावाचा अल्बम आला आणि बुडाला. त्याच्या प्रसिद्धीसाठी जॉर्ज घराबाहेरही पडला नाही. पुढची पाच वर्षं नवा अल्बम नाही. तो काय करत होता? बागकाम. इंग्लंडमधल्या हेन्लीला फ्रायर पार्क नावाचं त्याचं जुनं, अवाढव्य घर होतं, त्याची उजाड बाग तो माळ्यांबरोबर उभी करत होता. 'आय मी माइन' हे १९८० मधलं पुस्तक त्यानं अर्पण केलंय, जगभरच्या माळ्यांना. मध्ये सिनेमेही काढले. 'लाइफ ऑफ ब्रायन'चा फायनान्स ऐनवेळी गेला, तेव्हा यानं घर गहाण टाकून पैसे उभे केले. का? तर म्हणे, मला तो सिनेमा बघायचा होता!

आणि मग १९८७. 'क्लाउड नाइन'. 'गॉट माय माइंड सेट ऑन यू' जानेवारी १९८८ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर. ४४ व्या वर्षी कमबॅक. त्याच वर्षी डिलन, टॉम पेटी, रॉय ऑर्बिसन आणि जेफ लिन यांच्याबरोबर 'ट्रॅव्हलिंग विल्बरीज' हा बँड, जिथे कुणी सीनिअर नव्हतं आणि सगळ्यांनी खोटी नावं घेतली होती. 'सॅम वेल्स'ची सवय कामी आली म्हणायची.

१९९७ मध्ये त्यानं रविशंकर यांच्या 'चँट्स ऑफ इंडिया'ची निर्मिती केली. पहिल्या सोलो अल्बमला आपल्याकडे आला होता, तीस वर्षांनीही त्याच गुरूसाठी काम करत होता. २९ नोव्हेंबर २००१ ला तो गेला, वयाच्या ५८ व्या वर्षी. अर्धवट राहिलेली गाणी मुलगा धनी आणि जेफ लिन यांनी पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी 'ब्रेनवॉश्ड' आला. धनी हे नाव ऐकून दचकू नका. सा रे ग म प ध नी, त्यातले शेवटचे दोन सूर.

मला या सगळ्या गोष्टीत सारखं आठवतं ते साडेपाचचं थांबणं. 'सोलो' म्हटलं, की आपल्याला वाटतं राजीनामा, स्वतःचं नाव, स्वतःची केबिन. जॉर्जचा सोलो तसा सुरूच झाला नाही. तो सुरू झाला डझनभर अनोळखी वादकांमध्ये, उधारीच्या मशीनवर, ऑफिस सुटायची वाट बघत. बँड त्यानं त्यानंतर दोन वर्षांनी सोडला. आधी फक्त एवढंच तपासून पाहिलं, की आपल्याकडे जे आहे ते खरंच आहे ना.

तेव्हा पुढच्या शनिवारी गच्चीवर कुणी 'वंडरवॉल' सुरू केलं, तर लगेच नाक मुरडू नका. एक मिनिट थांबून त्याला सांगा, हे नाव फोर्टमधून आलंय. आणि वहीत काही लिहून ठेवलं असेल, तर तेही वाजवायला सांगा.

कुठून सुरुवात कराल?

वंडरवॉल म्युझिक (१९६८): रात्री, हेडफोन लावून. टॅक्सी शोधा!

ऑल थिंग्ज मस्ट पास (१९७०): मोठा आहे. एक्स्प्रेस वेवर पुणे-मुंबई जाताना लावा, वाशी येईपर्यंत जवळपास संपतो.

द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश (१९७१): आधी रविशंकर-अली अकबर यांची जुगलबंदी, मग बाकीचं. उलट क्रमानं नको.

क्लाउड नाइन (१९८७): सोमवार सकाळसाठी.

ब्रेनवॉश्ड (२००२): पावसाळ्यात, एकटं असताना.